बाराशे रुपयांचा हुकूम

आनंदा,

तुझ्या शोकसभेच्या खुर्च्या तुझ्याच मैदानात मांडल्या होत्या. रोलर फिरवून तू बसवलेल्या पळायच्या पट्टीवरून मंडपवाल्यांनी त्या ओढत नेल्या आणि मातीवर ओरखडे उठले. तू असतास तर शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं असतंस. मी पुढच्या रांगेत होतो. मला बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून मी नको म्हणालो. घसा ठीक होता.

आष्ट्यातली चार-पाच माणसं बोलली. तुझी फौजेतली सुभेदारी, तुझी शिस्त, तुझ्या हाताखालून पोलिसात गेलेल्या पोरी. चांगलं बोलली. मग एक जण म्हणाले की सुभेदारांनी शेवटी शेवटी फीच्या बाबतीत जरा जास्तच ताणलं, काही गुणी पोरी त्यात हातच्या गेल्या, पण माणूस म्हटला की एखादी गोष्ट राहतेच. लोकांनी माना हलवल्या. आनंदा, मीही हलवली.

सभा संपल्यावर सोनाली भेटली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर दात दाखवणारी सोनाली. आता कुंडलला दिलेली आहे. कडेवर लेक होती. शालन वहिनींच्या पाया पडून ती म्हणाली, "काकी, सर असं का वागलं असतील? मला कळत न्हाई अजून." वहिनींनी तिच्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यालो.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात तुझ्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी ताबडतोब हो म्हणालो. तुझ्या गौरवाची घाई नव्हती. त्या सभेत मान हलवणारे बहुतेक सगळे हा अंक वाचतात, म्हणून.

तू निवृत्त होऊन आलास आणि ओढ्याकाठचा ऊस मोडून तिथं पळायची पट्टी केलीस, तेव्हा गावानं तुला वेड्यात काढलं होतं. मी तेव्हा सांगलीत नुकताच निवृत्त झालो होतो. तीसेक वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून घरी बसलेला माणूस दोन महिन्यांत भिंतींना कंटाळतो. मी आष्ट्याला यायला लागलो ते तुझ्यासाठी म्हणून. खरं तर मला सकाळी जायला जागा हवी होती.

पहिल्या वर्षी तू पोरींना पोलीस भरतीसाठी फुकट शिकवलंस. इथं मी तुझ्याशी भांडलो आणि तिथं मी बरोबर होतो, हे तूही नंतर कबूल केलंस. पोरी यायच्या, चार दिवस पळायच्या, भांगलणीला किंवा पाहुण्याच्या लग्नाला गेल्या की परत फिरकायच्या नाहीत. तू एका आईला जाब विचारायला गेलास तर ती म्हणाली, "फुकटचं हाय की ओ, आज न्हाई तर उद्या." तू फणफणत परत आलास. मी म्हटलं, महिना शंभर रुपये लाव. तू म्हणालास, विद्या विकू का? मी म्हटलं, विकू नकोस, तिला किंमत आहे एवढं सांग.

शंभर लावले आणि मैदान भरलं. सत्तरेक पोरी. तुला आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही आणि ते मी तुला चारचौघांत ऐकवलं. तिथून फी हा माझा विषय झाला. जमीन तुझी, शिट्टी तुझी. पत्र्याची शेड, गोळे आणि मॅट माझ्या पेन्शनीतून. "फीचं तू बघ प्रोफेसर, तुजाच इशय हाय," असं तू म्हणालास, आणि लगेच एक अट घातलीस. ती अट मी जन्मात विसरणार नाही.

"ठरीव तू. पर फॉलिनमधी सांगनार मी. आनि तुजं नाव न्हाई घ्यायचं. हुकूम पटू दे न्हाईतर न पटू दे, खाली सांगताना आपलाच म्हनून सांगायचा. 'वरनं आलाय' म्हटलं की पलटन मोडली."

फौजेची रीत होती ती तुझी, सकाळच्या हजेरीच्या रांगेला फॉलिन म्हणण्यासारखीच. मला त्या वेळी ती भारदस्त वाटली. पुढं ती माझ्या किती सोयीची ठरणार आहे, हे तेव्हा आपल्या दोघांनाही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी मी तीनशे केले. सकाळी हजेरी झाली की तू हात मागं बांधून उभा राहायचास आणि एका दमात सांगून टाकायचास. काही पोरी कमी झाल्या, साठेक राहिल्या. जमणारी रक्कम मात्र दुपटीच्याही वर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी सहाशे. पुन्हा थोड्या गळाल्या, पंचेचाळीसच्या आसपास राहिल्या. रक्कम पुन्हा वाढली. मी खूश होतो. पैशासाठी खूश नव्हतो, हे तुला माहीत आहे. जन्मभर फळ्यावर जे लिहिलं ते मातीत खरं होताना पाहत होतो. आपल्या धंद्यातलं एखादं सूत्र डोळ्यांदेखत चालताना पाहण्यासारखी नशा नाही.

गळालेल्या पोरी तुला नावानिशी आठवायच्या. हजेरी घेताना तू मध्येच थांबायचास आणि नसलेल्या नावाची जागा सोडून पुढं जायचास. मी फक्त बेरीज बघायचो.

त्या काळात एकदा उंच उडीच्या वाळूत काठीनं रेघ मारून मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात उतरणारी मागणीची रेषा. उभ्या बाजूला फी, आडव्या बाजूला पोरी. म्हटलं, बघ, रेषा सरळ आहे, उतार सगळीकडं सारखाच. शंभर रुपये वाढवले की ठरावीक पोरी गळणार, मग तू रेषेवर कुठंही उभा राहा. पण लवचिकता, म्हणजे फी शेकडा किती वाढली की पोरी शेकडा किती गळतात, ती सगळीकडं सारखी नसते. खाली, स्वस्ताईच्या टोकाला, शंभरावर शंभर म्हणजे दुप्पट वाढ. आणि सत्तर पोरींमधल्या पाच गेल्या तर त्या दिसतसुद्धा नाहीत. रक्कम वाढते. वर, महागाईच्या टोकाला, हजारावर तेच शंभर म्हणजे किरकोळ वाढ; पण वीस पोरी उरलेल्या असताना त्यातल्या पाच गेल्या तर चौथाई मैदान गेलं. रक्कम घटते. मध्ये कुठंतरी एक बिंदू असतो, तिथं जमणारी रक्कम सगळ्यांत जास्त. त्याच्या खाली आहोत तोवर वाढवायचं. वर गेलो की थांबायचं.

तू वाळूकडं बघत विचारलंस, "आनि ह्या रेषंवर आपुन कुठं हाय, ते कशावरनं कळतं?"

मी म्हटलं, ते अनुभवानं कळतं. तू म्हणालास, "म्हंजी ठेचकाळून पडल्यावर." मग एका पोरीला उडी मारायला सांगितलंस आणि माझी रेषा पुसली गेली.

त्याच हिवाळ्यात आपण पोरींना साताऱ्याला नेलं, अजिंक्यताऱ्याची चढण पळवायला. पोरी कधीच वर पोचल्या होत्या आणि मी निम्म्या वाटेवर दगडावर बसलो होतो. तू मला न्यायला खाली आलास. मी दम खात म्हटलं, हीच ती रेषा बघ आनंदा. रस्त्याचा चढ खाली जेवढा तेवढाच इथं आहे, पण खालचं पाऊल आणि इथलं पाऊल सारखं नाही. तू हसून माझा हात धरलास. "मंग तुला समदं कळतंय की रं गड्या. मैदानावर आल्यावर कुठं जातं?"

मला सगळं कळत होतं, हेच तर मला इथं लिहायचं आहे. परीक्षेत हाच प्रश्न मी पोरांना वर्षानुवर्षं घातला. एका बिंदूवर मोजलेली लवचिकता साऱ्या रेषेला लावणं ही चूक आहे, असं लाल शाईनं किती वह्यांवर लिहिलं असेल.

आणि मग मीच ती केली. लांबच्या पोरींसाठी दोन खोल्या बांधायचं माझ्या डोक्यात शिरलं. हेतू वाईट नव्हता. पण त्या खोल्यांवर दोघांच्या नावांची पाटी असेल, हेही मी मनात रंगवून ठेवलं होतं. मी म्हटलं, यंदा बाराशे. तू म्हणालास, आता नको. मी म्हटलं, गेल्या वेळी दुप्पट केली तेव्हा काय झालं? रक्कम वाढलीच ना? आताही दुप्पटच करतोय. तू म्हणालास, "दत्त्या, तवाच्या गेलेल्या पोरी तू बघितल्या न्हाईस. मी बघितल्यात." मी तुला म्हटलं, भावनेवर संस्था चालत नाहीत. असली वाक्यं मला फार सुचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी हात मागं बांधून फॉलिनसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "या महिन्यापासनं फी बाराशे. मी ठरवलंय."

मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. ते शेवटचे दोन शब्द मी ऐकले.

महिन्याभरात पंधरा पोरी राहिल्या. जमलेली रक्कम मी पुन्हा पुन्हा तपासली. तीनशे फी असताना जेवढी जमायची तेवढीच जमली होती. रुपयाला रुपया. तेव्हा मैदानावर साठ पोरी पळायच्या, आता पंधरा, एवढाच काय तो फरक. मध्याचा बिंदू आपण सहाशेच्या जरासा पुढं ओलांडला होता. माझ्या विषयातलं इतकं स्वच्छ उदाहरण मला उभ्या नोकरीत मिळालं नाही.

सोनालीचे वडील फाटकाशी आले तो दिवस तुला आठवत असेल. आपण दोघंही तिथं होतो. तू त्यांना म्हणालास, फी राहू द्या, पोरीला पाठवा, ती भरतीत लागणारच आहे. त्यांनी मान हलवली. "बाकीच्या भरत्यात आनि माजी फुकट? न्हाई सायेब. पैका न्हाई म्हनून न्हाई, ऊस जातोय माजा येळेवर. पर तीनशे, सहाशे हुतं तवर मी कवा इचारच केला न्हवता. बाराशे म्हटल्यावर बसलो इचार करायला. आनि एकदा बसलो की समदंच डोळ्यापुढं आलं बगा. पोरीचं वय. आलेलं स्थळ. भरतीत न्हाई निघाली तर पुढं काय."

त्यांचा आवाज चढला नाही. तुझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी येवढी फी का केली सायेब?"

तू म्हणालास, "केली खरी."

मी तिथंच होतो आनंदा. तुझ्यापासून हातभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं. मी चष्मा पुसत राहिलो.

वस्तूला जवळचा पर्याय असला की मागणी लवचिक होते, हेही मी शिकवलंय. उदाहरण ठरलेलं, चहाला कॉफी. आपल्या मैदानाला पर्याय म्हणून मी इस्लामपूरच्या नाहीतर सांगलीच्या अकॅडम्या धरल्या होत्या. त्यांची फी आपल्याहून जास्त, म्हणून मी निर्धास्त होतो. पोरीच्या बापाच्या हिशेबात आठशे मीटरला पर्याय लग्न असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. किंमत लहान असते तोवर माणूस पर्यायांकडं बघतच नाही. एका मर्यादेपुढं ती त्याला खाली बसवते आणि आजूबाजूला बघायला लावते. रेषेचं वरचं टोक म्हणजे ही जागा. ते कळायला मला फाटकाशी उभं राहावं लागलं.

नंतर एका दुपारी मी तुला म्हटलं, चुकलं, सहाशे कर परत. दुसऱ्या दिवशी पंधरा पोरींपुढं उभा राहून म्हणालास, "फी सहाशे. माजी चूक झाली." चूकसुद्धा तू आपल्याच नावावर घेतलीस. सगळ्या जुन्या पोरींच्या ग्रुपवर तसा निरोपही टाकलास. मला वाटलं, आता पुन्हा पंचेचाळीस होतील. फळ्यावर तसंच होतं. खडू वर नेता येतो, तसा त्याच रेषेवरून खालीही आणता येतो. पण सोनालीची सुपारी फुटली होती. एकीनं कापडाच्या दुकानात काम धरलं होतं. दोघी पुण्याला गेल्या होत्या. परत आलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

स्टँडजवळच्या हॉटेलात आपण चहा प्यायला बसलो होतो तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं, फौजी पैशाला चटावला होता, आता आला जाग्यावर. आपल्याला ऐकू जावं म्हणूनच ते म्हटलं होतं. तू बशीतला चहा संपवलास. मी आणखी दोन चहा सांगितले. घरी परत जाताना तू मला त्याबद्दल काही विचारलं नाहीस. वाटेत कुणाच्या तरी मळ्यातली हळद कशी आली आहे, एवढंच बोललास.

मी का गप्प बसलो, हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. सोपं उत्तर म्हणजे तुझी अट, तुझी फौजेची रीत. ते मी स्वतःला बरेच दिवस देत राहिलो. खरं उत्तर फार लहान आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्याच धड्यात मार खाल्ला, असं आष्ट्यात आणि सांगलीत लोकांनी म्हणू नये, एवढंच. मला मूर्ख म्हटलेलं मला चाललं नसतं. तुला हावरट म्हटलेलं चाललं.

मिरजेच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसायचो तेव्हा रोज ठरवून यायचो. तू रोज मैदानाचं विचारायचास. रोलर फिरवला का, पाणी मारलं का, ती नवी पोर गोळा खांद्यावरनं टाकती का अजून. शेवटी एकदा मी सुरुवात केली, आनंदा, त्या बाराशेचं... तू डोळे मिटूनच म्हणालास, "हुकूम माजा हुता. झालं ते झालं." मी म्हटलं, तुझा नव्हता. तू म्हणालास, "शिट्टी कुनाच्या गळ्यात हुती?" आणि हसायला गेलास तर खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. आपलं भांडण तिथंच राहिलं.

गेल्या आठवड्यात मी कुंडलला गेलो. हा लेख छापायला देण्याआधी तिला सांगायला हवं होतं. सोनालीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. तिची सासू दारात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, वाळूतल्या रेषेपासून फाटकापर्यंत. तुझी अटही सांगितली. चहा उतू जायला आला तेव्हा ती उठली, गॅस बंद करून परत आली.

"म्हंजी सरांनी केली न्हवती फी."

"नाही. मी केली."

"त्यांनी का न्हाई सांगितलं ते कळलं," ती म्हणाली. "तुमी का न्हाई सांगितलं काका?"

इथं वर जे लिहिलंय ते तिला सांगितलं. दोन वाक्यांत झालं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. ज्यांच्याकडं ती मागावी अशा पोरी आणखीही आहेत, आणि त्यांची नावं मला येत नाहीत. ती तुला येत होती. निघताना तिनं भिंतीवरचा तुझा आणि पोरींचा साताऱ्याचा फोटो दाखवला. लग्नानंतर तो कपाटात ठेवला होता, सभेहून आल्यावर बाहेर काढला म्हणाली. राग होता तरी फेकून दिला नव्हता. मी त्या फोटोत स्वतःला शोधलं. मी नव्हतो. मी निम्म्या वाटेवर बसलो होतो.

मैदान अजून चालू आहे. तुझ्या हाताखालून पोलिसात लागलेली एक पोर रजेवर आली की पळवून घेते. एरवी आहेत त्या पोरी आपापल्या पळतात आणि वहिनी खुर्ची टाकून बसतात. फी काय ठेवायची ते मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भावजी, ते तुमी नगा सांगू आता." बरोबर आहे.

कालच्या सोमवारी सकाळी मी हजेरीला गेलो. दहा-बारा पोरी होत्या, बहुतेकींना ते बाराशेचं प्रकरण ऐकून माहीत. तुझ्या जागेवर उभा राहिलो, हात मागं बांधता आले नाहीत, पाठ दुखते. जे ठरवून गेलो होतो ते बोललो. सुभेदारांनी फी वाढवली असं तुम्ही ऐकलंय, ती त्यांनी वाढवली नव्हती, त्यांनी नको म्हटलं होतं, वाढवली मी. पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं विचारलं, "मंग आता पळू का?"

म्हटलं, पळा.

आनंदा, तुझी अट मी मोडली. हुकूम माझा होता. हे आता सगळ्या फॉलिनला माहीत आहे, आणि पलटन मोडली नाही.